हात पोचेल एवढी दोरी

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. आत्याला लाडू चावत नाहीत म्हणून मऊ वड्या केल्या होत्या आणि डब्यात एका बाजूला जीरावण मसाल्याची पुडी ठेवली होती, कारण वृद्धाश्रमातल्या पोह्यांना चव नसते ही तिची दर रविवारची तक्रार. इंदूरचा बायपास ओलांडून आत वळलं की थोडं अंतर दोन्हीकडे हरभरा लागतो, मग ते पिवळं दुमजली घर. फाटकातून आत गेलं की मला नेहमी बरं वाटतं. अंगण झाडलेलं, तुळशीला पाणी घातलेलं, पायरीशी ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे, आत फिनाइलचा वास. आत्या जागी होती. वडीचा तुकडा जिभेवर विरघळू देत म्हणाली, "तीळ जरा जास्त भाजलेत." तिला नीट बसता यावं म्हणून मी उशी सरकवायला वाकले, तेव्हा लक्षात आलं की घंटीची दोरी पलंगावर नाही. तिच्या उशाच्या वर भिंतीत एक स्विच आहे, त्याला पांढरी दोरी लोंबते. ती ओढली की खाली जिन्यापाशी घंटी वाजते आणि खोलीच्या नंबराचा लाल दिवा लागतो. ती दोरी कुणीतरी खिडकीच्या गजाला चार वेढे देऊन वर बांधून टाकली होती. सहज अडकवलेली नव्हती, निरगाठ होती. मी सोडवायला गेले तर नखाने सुटेना.

"असू दे गं," आत्या म्हणाली. "संध्याकाळी परत बांधतात."

खाली जाऊन दुपारच्या ड्यूटीवरच्या बाईंना विचारलं. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी काही लपवलंही नाही. "अम्मा रातभर बजाती हैं, दीदी. काम कुछ नहीं रहता. बाकी लोग जग जाते हैं." मग वर आल्या, दातांनी गाठ सैल केली, दोरी आत्याच्या उशीवर आणून ठेवली आणि तिच्या गालावरून हात फिरवून गेल्या. त्या फिरवलेल्या हातात खोटं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. म्हणून तर मला काय म्हणावं ते सुचेना.

घरी येताना भंवरकुआँच्या सिग्नलला गाडी थांबली आणि तिथे मला ते वाक्य नीट ऐकू आलं. संध्याकाळी परत बांधतात. म्हणजे सकाळी सोडतात. म्हणजे आम्ही नातेवाईक येण्याच्या वेळेला दोरी जागेवर असते, आणि त्या दिवशी फक्त सोडायची राहून गेली होती. दोन वर्षं मी दर रविवारी अकरा ते एक तिच्यापाशी बसते. तिची नखं कापते, केसांना तेल लावते, पुण्याला दादाला व्हिडिओ कॉल लावून देते. तिला एकदाही सांगावंसं वाटलं नसेल? बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेली ही बाई. एक टाका तिरका गेला तर सगळी शिवण उसवायला लावायची. तिच्या वर्गातून रडत बाहेर पडलेल्या मुली आज साठीच्या झाल्या आहेत आणि अजून ते सांगतात. तिच्या तोंडून 'असू दे' हे शब्द मी आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकले असतील. बांधलेल्या दोरीपेक्षा मला ते जास्त लागलं.

आश्रम आम्ही उगाच निवडला नव्हता. रामबागेतल्या घरी मोरीत पाय घसरून आत्याचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, वॉकर आला. पण तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं आणि माझी बँकेतली नोकरी अजून चार वर्षं बाकी होती. मी सात ठिकाणं पाहिली. काय पाहिलं ते आता आठवते. फरशी पाहिली. संडासाचं दार उघडून वास घेतला. चादरी उलटून पाहिल्या, स्वयंपाकघरात तेलाचा डबा कुठला ते पाहिलं. दादा व्हिडिओवर म्हणाला, बाथरूम दाखव. मी टाइल्सवरून फोन फिरवला आणि तो म्हणाला, अरे वा, चकाचक आहे. आपण इंदूरची माणसं. 2017 पासून देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून आपलं नाव येतं, कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की लहान मुलंसुद्धा दोन बादल्या घेऊन दाराशी धावतात, आणि मला याचा मनापासून अभिमान आहे. पण या सवयीने आपली नजर एकाच जागी खिळवून ठेवली आहे. स्वच्छ दिसलं की आपण निश्चिंत होतो. त्या चकाचक टाइल्स ओल्या झाल्यावर वॉकरचा रबरी पाय त्यांवर टिकतो का, हे मी सातांपैकी एकाही ठिकाणी पाहिलं नाही. रात्री किती जणांमागे किती माणसं जागी असतात, हेही विचारलं नाही.

29 जानेवारी 2021 ची ती घटना इथल्या कुणीच विसरलं नसेल. ऐन थंडीत फुटपाथवरच्या बेघर म्हाताऱ्या माणसांना पालिकेच्या गाडीत घालून देवासच्या रस्त्यावर क्षिप्रा गावापाशी उतरवलं होतं. गावकऱ्यांनी अडवलं, फोनवर चित्रण केलं, तेव्हा कुठे त्यांना पुन्हा गाडीत चढवून परत आणलं. ते चित्रण मी एकदाच पाहिलं, पुन्हा पाहण्याची हिंमत झाली नाही. आणि 2024 च्या जुलैत याच शहरात, विशेष मुलांच्या एका आश्रमात, मुलं एकामागून एक दगावली. तपासणीत कॉलरा निघाला, जागेच्या मानाने जास्त मुलं ठेवल्याचंही पुढे आलं. दोन्ही वेळा आम्ही बँकेत जेवणाच्या सुट्टीत हळहळलो आणि दोनच्या ठोक्याला पुन्हा काउंटरवर बसलो. ती मुलं जिथे राहत होती तिथेही कुणीतरी सणावाराला जेवण देऊन, फोटो काढून, किती छान व्यवस्था आहे म्हणून आलंच असेल. मीही अशी जेवणं दिली आहेत. अशा ठिकाणी पंगत वाढताना पाणी कुठून येतं, टाकी शेवटची केव्हा धुतली, हे विचारायला जीभ रेटत नाही. दान देणाऱ्याने चौकशी करू नये असं आपल्याला उगीच वाटतं.

एक गोष्ट मला इथे लिहिलीच पाहिजे.

आई शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर होती, घरीच, लोकमान्य नगरात. तिच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा असायचा. बोलवायचं झालं की ती चमचा पेल्यावर वाजवायची. टिण् टिण् टिण्. सुरुवातीला त्या आवाजाने मी खडबडून उठायची. सहा महिन्यांनी तो आवाज झोपेतच ऐकू यायला लागला. वर्षाने तो नसतानाही ऐकू यायचा. मार्च अखेरचे दिवस होते, बँकेत रात्री नऊपर्यंत बसावं लागत होतं, आणि त्या एका रात्री पाचव्यांदा उठले तेव्हा मी आईची चादर सारखी केली, तिला पाणी पाजलं, आणि पेला उचलून कपाटावर ठेवला. एवढंच. सकाळी परत ठेवला. आई काही बोलली नाही. त्या रात्री तिला काही झालं नाही, म्हणून ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. खिडकीच्या गजाची ती गाठ पाहिल्यावर मला सगळ्यात आधी काय दिसलं असेल तर कपाटावरचा तो पेला. आश्रमाच्या ऑफिसात जाऊन मी टेबलावर हात आपटला नाही याचं कारण हे आहे. पण मी एका रात्री केलं आणि तिथे रोज रात्री होतं, आणि रोज होणाऱ्या गोष्टीसाठी आपण महिन्याला पैसे भरतो. त्यामुळे गप्प बसणंही बरोबर नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि आठवडाभर त्या दोन्ही माझ्या डोक्यात एकमेकींना ढकलत होत्या.

पुढच्या रविवारी मी माझ्या मैत्रिणीला सोबत नेलं. ती सरकारी इस्पितळात तीस वर्षं सिस्टर होती. तिने फरशीकडे पाहिलंच नाही. आत्याशी दोन गोष्टी बोलली, मग पायावरचं पांघरूण बाजूला करून दोन्ही टाचा हातात घेतल्या, मुलाच्या घ्याव्या तशा. उजव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग होता. तिने त्यावर अंगठा दाबला, उचलला. दाबलेली जागा पांढरी पडली आणि हळूहळू पुन्हा लाल झाली. "अजून वेळ आहे," ती म्हणाली. दाबूनही लालच राहिली असती, तर कातडीखाली बेडसोरची सुरुवात झाली असं समजायचं. मग माकडहाड पाहिलं, खुब्याची बाजू पाहिली. पलंगाच्या पायथ्याशी एक कागद टांगलेला आहे, तोही मी दोन वर्षं पाहत होते आणि समाधान मानत होते. कूस बदलल्याची नोंद, दर दोन तासांचे रकाने, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. मैत्रिणीने घड्याळ पाहिलं. सकाळचे साडेअकरा झाले होते. कागदावर बारा, दोन, चार आणि सहाच्या रकान्यांतही खुणा होत्या, एकाच पेनने, एका हाताने, एका दमात केलेल्या.

त्या कागदाकडे आम्ही दोघी बराच वेळ बघत राहिलो. नियम तर होता. छापील होता, लॅमिनेट केलेल्या पट्टीला टांगलेला होता, पाहुण्याला दारातूनच दिसेल असा होता. कुणीतरी कधीतरी विचार करून तो आणला होता, की दोन तासांहून जास्त एकाच कुशीवर पडलेल्या म्हाताऱ्या शरीरात हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबते, रक्त पोचत नाही, आणि ती जागा मरते. आता तो कागद भरणं हेच एक काम झालं होतं. ज्या बाईने खुणा केल्या तिला सहा वाजेपर्यंत चौदा जणांचे डायपर, आंघोळी आणि जेवणं उरकायची होती. तिने आधी कागद उरकला.

मोरीत गेल्यावर मैत्रिणीने गीझरची चकती पाहिली. ती पार टोकाला, सगळ्यात गरमवर फिरवलेली. थंडीत बादली लवकर भरावी म्हणून. 60 अंशांचं पाणी अंगावर पडलं तर चांगल्या जाड कातडीलाही खोल भाजायला पाच सेकंद पुरतात, आणि आत्याची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे. ब्रिटनमध्ये अशा घरांत आंघोळीच्या टबात 44 अंशांपेक्षा गरम पाणी येऊ देऊ नये असा दंडक आहे. इथे काय करायचं, मी विचारलं. "काही नाही, आधी थंड, मग गरम," ती म्हणाली. "आणि आपलं कोपर बुडवून बघायचं, बाळाच्या आंघोळीला बघतो तसं." मग तिने दार पाहिलं. ते आत उघडत होतं. आत कुणी पडलं तर पडलेल्या माणसाच्या अंगानेच दार अडतं. म्हणून ते बाहेर उघडायला हवं, आणि कडी बाहेरून काढता यायला हवी. रामबागेत आत्या पडली तेव्हा आम्ही नेमकी हीच कसरत केली होती, शेजारच्या मुलाने कवाड बिजागरीतून काढलं होतं, आणि तरीही सात ठिकाणी दारं पाहताना मला ते आठवलं नाही. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं आणि त्यापुढे जुन्या गाद्या रचलेल्या. दिल्लीत ग्रेटर कैलासमध्ये 1 जानेवारी 2023 च्या पहाटे अशाच एका घराला आग लागून दोन वयस्क बायका गेल्या. गाद्या किती लवकर पेटतात आणि धूर जिन्याने किती लवकर वर चढतो हे मैत्रीण अगदी हळू आवाजात सांगत होती, कारण शेजारच्या खोलीत एक आजोबा रेडिओ ऐकत बसले होते.

घरी येऊन मी कायदा काढून वाचला. बँकेत असल्यामुळे परिपत्रकं वाचायची सवय आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा 2007 चा कायदा आपल्याला माहीत असतो तो मुलांनी सांभाळलं नाही तर पोटगी मागता येते एवढ्यापुरता. त्यातच हेही आहे, की ज्याला मूलबाळ नाही अशा ज्येष्ठाची जबाबदारी, ऐपत असेल तर, त्याची मालमत्ता ज्याला मिळणार त्या नातेवाइकावर आहे. रामबागेतलं घर उद्या मला आणि दादाला मिळणार. म्हणजे आत्याची दोरी ही कायद्यानेही माझीच गोष्ट आहे. पुढे एकोणिसावं कलम आहे: राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निराधार अशा किमान 150 ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढावा, आणि तिथल्या सेवांची मानकं ठरवावीत. पण कायद्यातला शब्द 'काढू शकेल', 'ठरवू शकेल' असा आहे. करावंच लागेल असा नाही. आणि ते सरकारी आश्रमांबद्दल. पिवळ्या दुमजली घरांबद्दल, जिथे आपण पैसे भरून माणूस ठेवतो, 2019 च्या डिसेंबरात लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक आलं होतं. खाजगी वृद्धाश्रमांची नोंदणी, किमान मानकं, सगळं त्यात होतं. ते मंजूर न होताच 2024 मध्ये लोकसभेबरोबर संपलं. नर्सिंग होमसाठी मध्य प्रदेशात 1973 पासून कायदा आहे. आश्रम स्वतःला दवाखाना म्हणवत नाही, त्यामुळे तो दाराबाहेरच राहतो. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, चांगली सोय आहे, तिचा नंबर आश्रमाच्या ऑफिसातही लावलेला आहे. खालच्या मजल्यावर. आत्याच्या पलंगापासून एकोणीस पायऱ्या खाली.

मला या विषयातलं फार कळतं असं नाही. पण एवढं कळलं, की आपण ज्या ज्या गोष्टी पाहून आश्रम चांगला ठरवतो त्या सगळ्या उभ्या माणसाला दिसणाऱ्या आहेत.

आश्रमाच्या मालकांना मी दोरीबद्दल सांगितलं तेव्हा ते ओशाळले. सभ्य माणूस आहे. म्हणाले, "ताई, मी ताकीद देतो. आणि अम्मांना झोप लागत नाही तर डॉक्टरांना सांगून रात्रीची एक हलकी गोळी सुरू करूया." त्यांनी हे काळजीपोटी म्हटलं होतं आणि मला क्षणभर तो उपाय सोयीचा वाटलाही होता. मैत्रिणीला फोन केला तर ती ताडकन म्हणाली, "दोरी बांधली ती निदान दिसली तरी. गोळी दिसणार नाही." अशाच आश्रमांत राहणाऱ्या माणसांसाठी कोणती औषधं टाळावीत याची यादी अमेरिकेत मार्क बीअर्स नावाच्या डॉक्टरांनी 1991 मध्ये केली, आणि झोपेच्या गोळ्या त्यात अजून आहेत, कारण अर्धवट गुंगीत उठलेलं म्हातारं माणूस पडतं, आणि एकदा मोडलेला खुबा दुसऱ्यांदा मोडला तर उभं राहणं कठीण. तेव्हा मी गोळीला नाही म्हटलं आणि एक रात्र आत्याच्या खोलीत झोपायची परवानगी मागितली. पंचाईत झाली त्यांची, पण हो म्हणाले.

फेब्रुवारीचा पहिला शनिवार होता. रात्री नऊला दिवसाच्या बायका गेल्या आणि एकच मुलगी आली, खरगोनकडची, तेवीस-चोवीस वर्षांची. दोन मजले, बावीस माणसं, ती एकटी. रात्री नऊ ते सकाळी नऊ. दहापर्यंत औषधं वाटली, मग दिवे मालवले. मला वाटलं होतं रात्री शांत असेल. रात्रभर घर चालू असतं. कुणी खोकतं, कुणी रामाचं नाव घेतं, कुणाच्या तरी हवेच्या गादीचा पंप घुर्र घुर्र करतो, एक आजी दर थोड्या वेळाने आपल्या मुलाला जेवायला हाक मारतात, तो मुलगा आता स्वतः सत्तरीचा असावा. पावणेबाराला आत्याने दोरी ओढली. मी डोळे मिटून पडून राहिले, कारण मला बघायचं होतं. सात मिनिटांनी चपला वाजल्या. मुलगी दारात आली, तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या, खालच्या आजोबांना उलटी झाली होती. "क्या हुआ अम्मा?" आत्या म्हणाली, "कितने बजे बेटा?" मुलीने सांगितलं, पांघरूण नीट केलं आणि गेली. एकला पुन्हा घंटी. कितने बजे. दोन वाजून वीस मिनिटांनी पुन्हा. या वेळी मुलीने यायला अकरा मिनिटं लावली आणि दारातूनच वेळ सांगितली. तिच्या आवाजात राग नव्हता, फक्त ती फार थकली होती.

मी उठून बसले. "आत्या, घड्याळ आहे की भिंतीवर."

"कुठाय?"

घड्याळ होतं. मोठं, पांढऱ्या तबकडीचं, एका बँकेने भेट दिलेलं. आत्याच्या डोक्याच्या बरोब्बर वर, उशाकडच्या भिंतीला. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला ते समोर दिसतं. मला दिसतं, डॉक्टरांना दिसतं, मैत्रिणीने त्यातच साडेअकरा पाहिले होते. पलंगावर पडलेल्या माणसाला ते दिसायला मान मागे मोडावी लागेल. टिकटिक मात्र ऐकू येते. मी आत्याच्या शेजारी, तिच्या उशीवर डोकं ठेवून आडवी झाले. तिथून काय दिसतं ते दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. छत. पंखा. समोर मोकळी भिंत, तिच्यावर ओल आलेला एक डाग. खिडकीतून बायपासवरच्या ट्रकांचा उजेड छतावर सरकत जातो, तोही सगळ्या रात्रीत सारखाच. "साडेसातची शाळा असायची ना," आत्या म्हणाली, "सहाच्या आत उठायची सवय. इथे जाग आली की कळतच नाही, झोपावं की उठायची वेळ झाली." मग जरा वेळाने म्हणाली, "त्या मुलीला त्रास होतो, मला कळतं. पण अंधारात किती वेळ नुसतं पडून राहायचं?"

सकाळी मी आणि वॉचमनने मिळून घड्याळ समोरच्या भिंतीवर लावलं. खिळा ठोकायला पाच मिनिटं लागली. दोरी आखूड होती, आत्याला खांदा उचलावा लागायचा; मी तिला म्हटलं बाजारातून नवीन आणते, तर म्हणाली, "दोरी कशाला, माझ्या पेटीत परकराची नाडी आहे. बोटाला रुतत नाही." लाल सुती नाडी. तिने स्वतः ती दोरीच्या टोकाला जोडली, हात थरथरत होते तरी गाठ तिच्या मनासारखी झाल्याशिवाय सोडली नाही. खरगोनची मुलगी घरी जायला निघाली होती, ती दारात थांबून हे सगळं बघत होती. घड्याळाकडे एकदा आणि आत्याकडे एकदा बघून म्हणाली, "अम्मा, पहले बोल देतीं." आणि तिथेच खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. तिला किती पगार मिळतो ते तिने सांगितलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही, पण आत्यासाठी आम्ही महिन्याला जेवढे भरतो त्याच्या निम्म्याहून कमी आहे, आणि तिच्यावर बावीस माणसांची रात्र आहे.

रात्री दुसरं माणूस ठेवायचं तर प्रत्येकामागे महिन्याला काही रक्कम वाढेल, असं मालकांनी हिशोब करून सांगितलं. हिशोब मी तपासला, बरोबर होता. बावीस कुटुंबांना आम्ही पत्र लिहिलं. आजवर नऊ जणांनी हो म्हटलं आहे, चार जणांनी नाही, बाकीच्यांचं उत्तर नाही. नाही म्हणणाऱ्यांपैकी एकजण रिक्षा चालवतात आणि वडिलांचे पैसे कसेबसे भरतात, त्यांना मी काय सांगणार? त्यांच्यापुरती वाढ बाकीच्यांनी वाटून घ्यावी असं मी सुचवलं आहे, बघू. मोरीचं दार बाहेर उघडायला लागलं. मागच्या जिन्याच्या गाद्या हलल्या, कुलूप मात्र अजून आहे, किल्ली आता काचेच्या पेटीत ठेवतात. कूस बदलण्याच्या कागदावर परवा पुन्हा पुढच्या खुणा सापडल्या. टाचेचा डाग गेला आहे. मी आता रविवारी अकराला जात नाही. कधी मंगळवारी सकाळी साडेसातला, बँकेच्या आधी, कधी बुधवारी रात्री साडेनऊला जाते. गेल्या बुधवारी गेले तेव्हा आत्या झोपली होती. मुलगी म्हणाली, कल रात दो बार ही बजाई. समोर घड्याळात दहाला पाच कमी होते. लाल नाडी उशीवरून खाली आली होती, आणि तिचं टोक आत्याने तर्जनीभोवती दोन वेढे देऊन मुठीत धरलं होतं.